तातडीने हवंय: हिरड्यांच्या आजारावरची लस पुण्यात कुठे मिळेल?

रानवारा: आईसाठी हवी आहे. ऑस्ट्रेलियात निघाली असं वाचलं. डेंटिस्ट फ्लॅप सर्जरी (हिरडी उघडून आतून साफ करणं) करा म्हणतात, आई सुरीचं नाव काढू देत नाही. पोलिओसारखे थेंब असतात की इंजेक्शन? किती डोस? 'डॉक्टरांना दाखवा' असं लिहू नये, दाखवून झालंय.

चकलीचा_काटा: वय? शुगर? दात हलतात का?

रानवारा: ६३. शुगर आहे, पण गोळ्या चालू आहेत. खालचे दोन हलतात. लसीचं सांगा ना कुणीतरी.

टेस्टट्यूब: अशी लस माणसांसाठी बाजारात नाही, पुण्यात काय नि मेलबर्नमध्ये काय. तुम्ही वाचलंत ते मेलबर्नचे दंतसंशोधक एरिक रेनॉल्ड्स यांच्या गटाचं काम. २०१६ मध्ये गाजावाजा झाला, पण ते प्रयोग उंदरांवरचे. पॉर्फिरोमोनास जिंजिव्हालिस नावाचा जिवाणू जिंजिपेन ही विकरं (एन्झाइम) सोडून हिरडी पोखरतो, त्या विकरांनाच निकामी करायचं अशी कल्पना. आणि ती टोचायची होती, थेंब नव्हेत.

तीळपापड: रोज पहाटे तिळाच्या तेलाची गुळणी, १५ मिनिटं. सासरे ७८ चे आहेत, एक दात पडलेला नाही.

टेस्टट्यूब: दात हलतोय म्हणजे खालचं हाड झिजलंय. ते तेलाने परत येत नाही.

तीळपापड: हाडाचं मी बोललोच नाही.

बोस्टनची_माय: कुत्र्यांसाठी होती की! फायझरने २००६ मध्ये इथे अमेरिकेत सशर्त परवान्यावर आणली, २०११ मध्ये बंद केली. आमच्या मोत्याला द्यायची राहूनच गेली.

रानवारा: आई कुत्रा नाही हो. थेंब का नाही निघत पण?

टेस्टट्यूब: पोलिओ, रोटाव्हायरसच्या थेंबांत जिवंत पण दुबळा केलेला विषाणू असतो. तो आतड्यात वाढतो, म्हणून शरीर दखल घेतं. या लसीतला जिंजिपेनचा तुकडा वाढत नाही, पोटात पचून जातो. उरला तरी खाल्लेल्या गोष्टीवर शरीर सहसा चिडत नाही, नाहीतर रोज वरणभाताशी भांडण झालं असतं. म्हणून जिभेखाली, नाकावाटे असे प्रयोग प्राण्यांवर झाले. शिवाय आरोपी एकटा नाही, ट्रेपोनेमा डेंटिकोला, टॅनरेला फॉर्सिथिया ही जिवाणू मंडळीही सोबत असतात. आणि खरी गोम अशी की हाड झिजतं ते बरंचसं आपल्याच प्रतिकारशक्तीच्या धुमाकुळामुळे. लस देऊन तीच भडकवली तर?

इलेक्ट्रिक_बंडू: बॅटरीचा ब्रश घ्या, मऊ केसांचा. माझा तीन वर्षं चालतोय.

चकलीचा_काटा: ब्रशवरून आठवलं. आई दात कशाने घासतात?

रानवारा: मिश्री लावते. पण ती लग्नापासून लावते, त्रास आत्ताचा आहे.

चकलीचा_काटा: अहो!! हे पहिल्या ओळीत हवं होतं. डेंटिस्टना माहीत आहे?

रानवारा: त्यांनी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही.

कृष्णाकाठ: माझी आजी तव्यावर तंबाखू काळी होईस्तोवर भाजायची, घरभर ठसका. डबी कनवटीला. एकदम सोडवता आली नाही, आधी रात्रीची वेळ बंद केली, मग दुपारची. सकाळच्याला सहा महिने गेले.

तीळपापड: आमची आत्या पण लावायची, कीड नव्हती तिला.

टेस्टट्यूब: कीड वेगळी, हिरडी वेगळी. तंबाखू तोंडात असेल तर कॅन्सरच्या दृष्टीनेही गालाची आतली बाजू तपासून घ्या. रानवारा, एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर) किती?

रानवारा: फाईल शोधली. ९.४, दिवाळीच्या आधीचा.

चकलीचा_काटा: 'गोळ्या चालू आहेत' म्हणे! या शुगरला सर्जरी लगेच करतील असं वाटत नाही. डेंटिस्टना मिश्री आणि हा आकडा दोन्ही सांगा, आधी मुळापर्यंतचं डीप क्लीनिंग करता येईल का विचारा. त्याला सुरी लागत नाही. हिरड्या सुधारल्या की शुगरही थोडी उतरते.

रानवारा: सांगतो. डबी लपवून ठेवली तर आईने शेजारून मागून आणली.

तीळपापड: तेल लाकडी घाण्याचंच घ्या पण.