‘मस्टँग म्हणजे फाल्कनच’ म्हणणाऱ्यांना एक प्रश्न: छप्पर काढल्यावर भार कोण पेलतो?

रस्तापुराण:
परवाच्या चर्चेत ‘खडाष्टक’ यांनी लिहिले की जुन्या अमेरिकन कन्व्हर्टिबल (छप्पर उघडणाऱ्या) गाड्यांचे कौतुक हा निव्वळ भाबडेपणा आहे, कारण ‘मस्टँग ही मुळात फाल्कन, फायरबर्ड ही मुळात कॅमॅरो आणि उरलेल्या सगळ्या एकाच सांगाड्यावर वेगवेगळी बोधचिन्हे डकवून विकलेल्या गाड्या आहेत’. याला दोन ओळींत उत्तर देणे शक्य नव्हते, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

फाल्कन ही फोर्डची काटकसरी सेडान, आणि फोर्डच्याच मस्टँगला तिचा वारसा मिळाला, हे कोणीही नाकारलेले नाही. 1960 च्या फाल्कनसाठी आधीच खर्च झालेला होता. तिची यांत्रिक जुळणी हाताशी होती, म्हणूनच फोर्डला 17 एप्रिल 1964 रोजी मस्टँग बाजारात आणताना हार्डटॉपची (पक्क्या छपराच्या गाडीची) किंमत 2,368 डॉलर आणि कन्व्हर्टिबलची 2,614 डॉलर ठेवता आली. माझा आक्षेप त्यापुढच्या विधानाला आहे. फाल्कन काय किंवा मस्टँग काय, दोन्हींना वेगळी चासी (खालची स्वतंत्र चौकट) नाही. पत्र्याचे अंग हाच सांगाडा. अशा गाडीत छप्पर हा शोभेचा भाग नसतो, तो भार पेलत असतो. ते काढले की पुढच्या आणि मागच्या चाकांमधला सगळा पीळ जमिनीवर आणि दारांखालच्या सिलवर येतो. मिशिगनमधल्या एका मित्राच्या गॅरेजमध्ये 1965 ची कन्व्हर्टिबल गालिचा आणि सीट काढलेल्या अवस्थेत मी जवळून पाहिली आहे. पुढच्या सीटखालून या सिलपासून त्या सिलपर्यंत जाड पत्र्याची पट्टी वेल्ड केलेली आहे, सिलच्या आत आणखी एक मजबुतीचा पत्रा आहे आणि पुढे दोन्ही बाजूंना टॉर्क बॉक्स, म्हणजे पीळ सोसणाऱ्या पत्र्याच्या पेट्या, आहेत. छप्पर नसूनही ही गाडी पक्क्या छपराच्या कूपेपेक्षा जड भरते, ती या लोखंडामुळे. हे सारे करणाऱ्या अभियंत्यांनी ‘नुसते बोधचिन्ह डकवले’ असे म्हणणे अन्यायाचे आहे.

खडाष्टक:
आपले लिखाण दोनदा वाचले. आपण माझाच मुद्दा सिद्ध केला आहे, याबद्दल आभार मानावेत की कसे, हे ठरत नाही. इतकी ठिगळे का लावावी लागली? कारण तो तळ (गाडीचा खालचा मूळ सांगाडा) सहा माणसांच्या काटकसरी सेडानसाठी आखलेला होता. जनरल मोटर्सच्या शेव्हरोले कॅमॅरो आणि पॉन्टिॲक फायरबर्ड या जोडीचे उदाहरण घ्या. 1967 ते 1969 या काळातल्या त्यांच्या कन्व्हर्टिबलमध्ये चार कोपऱ्यांत चार डबे बसवलेले असत. प्रत्येक डब्यात स्प्रिंगवर तोललेले वजन, आणि तो डबा सुमारे 25 पौंडांचा. गाडीची थरथर मारण्यासाठी जवळपास 100 पौंड लोखंड फुकट वाहायचे! सांगाडा भक्कम असता, तर ही वेळ आली असती का?

शिवाय मी ऐकीव बोलत नाही. माझ्याकडे 1966 ची मस्टँग कन्व्हर्टिबल होती. एका कार्यशाळेने ‘संपूर्ण पुनर्बांधणी’ करून दिलेली गाडी घेतली, पहिल्याच उन्हाळ्यात उजवे दार लागेनासे झाले, आणि जॅक लावला की दाराची फट वरच्या बाजूला मिटलेली दिसे. फाल्कनचा तळ म्हणजे काय, हे मी खिशातून पैसे मोजून शिकलो आहे.

गॅरेजवाला_न्यूजर्सी:
खडाष्टक साहेब, तुमच्या गाडीची फट का मिटली, ते मी न पाहताही सांगतो. सिल बदलताना दाराच्या चौकटीत आडवे पाइप वेल्ड करून ती जागच्या जागी धरून ठेवावी लागते, आणि दोन्ही बाजू एकाच वेळी कापायच्या नसतात. हे न करता सिल कापले, की गाडी मध्ये खचते आणि खचलेल्या अवस्थेतच नवे सिल वेल्ड होते. मग जगातला कोणताही सांगाडा असो, दार लागणार नाही. हा दोष 1964 सालच्या आराखड्याचा नसून तुमच्या कार्यशाळेतल्या वेल्डिंगवाल्याचा आहे. एकाच्या चुकीसाठी दुसऱ्याला सुळावर चढवू नका.

त्या डब्यांविषयीही लिहितो, कारण लोक ते वजन कमी करण्याच्या नादात काढून फेकतात आणि मग गाडी थरथरते म्हणून माझ्याकडे आणतात. कॅमॅरोचा पुढचा भाग वेगळ्या उपचौकटीवर आहे आणि ती रबरी बुशमधून मागच्या अंगाला बोल्टने जोडलेली आहे. छप्पर नसताना या रचनेत एक विशिष्ट कंपन उठते. ते मारण्यासाठी वजन वापरणे ही ठिगळपट्टी नाही. नेमकी कंपनसंख्या शोधून केलेली ती योजना आहे.

मुळशीकर:
तुम्ही सगळे पत्र्यात अडकला आहात. गाडीची ओळख तळाने ठरत नाही, इंजिनाने ठरते. जनरल मोटर्सची 1964 पासूनची ए-बॉडी, म्हणजे तिच्या चार विभागांच्या मध्यम गाड्यांचा सामायिक तळ, पाहा. शेव्हरोलेची शेव्हेल, पॉन्टिॲकची टेम्पेस्ट-लमाँ-जीटीओ, ओल्ड्समोबाइलची कटलस आणि ब्यूकची स्कायलार्क या चौघींचा तळ एक, 1964 ते 1967 पर्यंत व्हीलबेसही (पुढच्या-मागच्या चाकांमधले अंतर) तोच 115 इंचांचा. त्यांच्या कन्व्हर्टिबलना चारी बाजूंनी बंद केलेली भक्कम फ्रेम मिळे, तीही चौघींना. तरीही बोनेट उघडले की चार वेगळी घराणी दिसतात. 1970 मध्ये पॉन्टिॲक, ओल्ड्समोबाइल आणि ब्यूक या तिघांकडे 455 घनइंचांचे इंजिन होते, आणि तिन्हींचे ब्लॉक पूर्ण वेगळे. ओल्ड्सचा स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) 4.25 इंच, ब्यूकचा 3.9 इंच, आकडा एक आणि स्वभाव वेगळे. शेव्हेलचे 454 तर आणखी निराळे. त्याच्यामागे गिअरबॉक्स जोडायच्या बोल्टची रचनाही इतर तिघांशी जुळत नाही.

आणि म्हणूनच माझा खरा संताप सांगतो. आज पुनर्बांधणीच्या नावाखाली लोक ओल्ड्स आणि पॉन्टिॲकच्या कन्व्हर्टिबलमध्ये सर्रास शेव्हरोलेचे 350 घनइंची इंजिन घालतात, कारण सुटे भाग स्वस्त मिळतात. प्रदर्शनात अशी गाडी दिसली, की मी बोनेटपाशी क्षणभरही थांबत नाही. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा!

गॅरेजवाला_न्यूजर्सी:
मुळशीकर, पदरचे पैसे घालून जुनी गाडी चालती ठेवणाऱ्या माणसाला असे हिणवणे शोभत नाही. पॉन्टिॲकचा तडकलेला ब्लॉक बदलायला दुसरा मिळवणे किती अवघड आहे, हे तुम्ही पुण्यात बसून ठरवू नये. ज्याच्याकडे 350 आहे, तो निदान रस्त्यावर आहे.

मुळशीकर:
पुण्यात बसण्याचा इथे काय संबंध? तत्त्वाचा मुद्दा भूगोलाने बदलत नाही. 1977 मध्ये खुद्द जनरल मोटर्सने हाच प्रकार कारखान्यात केला, तेव्हा अमेरिकन ग्राहक मूग गिळून बसला नव्हता. ओल्ड्समोबाइल डेल्टा 88 घेणाऱ्यांना ओल्ड्सचे स्वतःचे ‘रॉकेट’ इंजिन अपेक्षित होते आणि निघाले शेव्हरोलेचे 350. इलिनॉयच्या महाधिवक्त्यांनी दावा लावला, कंपनीला भरपाई द्यावी लागली आणि पुढे जाहिरातींत ‘आमची इंजिने वेगवेगळ्या विभागांत बनतात’ असा खुलासा छापावा लागला. तळ तर त्या गाड्यांचाही वर्षानुवर्षे सामायिकच होता. त्याबद्दल कोणी न्यायालयात गेले नाही. लोकांना काय जिव्हारी लागते, ते यावरून कळावे.

खडाष्टक:
विषय कन्व्हर्टिबलचा आहे. डेल्टा 88 ची कन्व्हर्टिबल 1975 मध्येच बंद झाली. 1977 चा खटला इथे ओढून आणणे म्हणजे उचलली जीभ आणि लावली टाळ्याला.

मुळशीकर:
सामायिक भागांनी गाडीची ओळख पुसते की नाही, हाच विषय आहे, आणि तो तुम्हीच काढलात. उत्तर नसले की विषयांतराचा आरोप करणे सोपे असते.

ओंटारिओवासी:
इंजिन हीच ओळख असेल, तर मुळशीकर माझ्या गाडीला काय म्हणतील? माझी पॉन्टिॲक पॅरिसिएन कन्व्हर्टिबल कॅनडात बनलेली आहे. पॉन्टिॲकचा पत्रा, खाली शेव्हरोलेची एक्स-फ्रेम (इंग्रजी X च्या आकाराची चौकट) आणि बोनेटखाली शेव्हरोलेचेच इंजिन. हे कोणी नंतर बदललेले नाही. ओशावाच्या कारखान्यातून ती तशीच बाहेर पडली. कॅनडाची बाजारपेठ लहान, तिथे पॉन्टिॲकसाठी स्वतंत्र यंत्रसामग्री परवडत नव्हती. 1959 मध्ये अमेरिकेतली पॉन्टिॲक ‘वाइड ट्रॅक’ (डाव्या-उजव्या चाकांत जास्त अंतर असलेली) म्हणून मिरवत होती, तेव्हा इकडची पॉन्टिॲक शेव्हरोलेच्या अरुंद चासीवर उभी होती आणि चाके पत्र्याच्या बरीच आत दिसत. तरीही इथल्या माणसांसाठी ती पॉन्टिॲकच होती. माझ्या सासऱ्यांनी ती वीस वर्षे अभिमानाने चालवली. त्यांना ती खोटी आहे असे सांगायला कोणीही धजावले नसते.

मुळशीकर:
कारखान्यातून तशीच आली आणि कंपनीने तशीच सांगून विकली, तर माझी हरकत नाही. आपल्या सासऱ्यांच्या गाडीविषयी माझ्या मनात आदर आहे. माझा रोख फसवणुकीवर आहे. तेवढ्यापुरता माझा नियम ढिला करतो. त्याहून जास्त नाही.

चिंचपोकळीकर:
एक जोड देतो. आपल्याकडे कुर्ल्याच्या प्रीमियरच्या कारखान्यात 1947 पासून क्रायस्लरच्या गाड्या जुळवल्या जात. डॉज किंग्सवे हीदेखील मुळात प्लिमथच. जाळी आणि नाव तेवढे डॉजचे. आमच्या चुलत आजोबांकडे किंग्सवे होती आणि शेजारी प्लिमथ. दोघे एकमेकांच्या गाडीला हलके लेखत आणि सुटे भाग मात्र एकमेकांकडून उसने घेत. नुसते बोधचिन्ह बदलणे याला म्हणतात. मस्टँगला फाल्कनचा एकही बाहेरचा पत्रा बसत नाही, बसण्याची जागाही मागे आणि खाली सरकवलेली आहे. या दोन गोष्टी खडाष्टक एकाच तागडीत घालत आहेत, तिथे त्यांची चूक होते.

खडाष्टक:
हा भेद मान्य करतो. किंग्सवेचे उदाहरण आधी आले असते, तर मी ‘बोधचिन्हे डकवून’ हे शब्द मस्टँगसाठी वापरले नसते. पण मूळ तक्रार कायम आहे. डेट्रॉइटने कन्व्हर्टिबल कधीच आधी आखली नाही. सेडान आखली आणि मग तिचे छप्पर काढले. 1982 ची क्रायस्लर लबॅरन घ्या. खाली तोच के-कारचा तळ, जो क्रायस्लरच्याच डॉज एरीज आणि प्लिमथ रिलायंट या साध्या गाड्यांना होता. आणि या दोन्ही वेळी सूत्रे कोणाकडे होती? मस्टँगच्या वेळी फोर्डमध्ये आणि लबॅरनच्या वेळी क्रायस्लरमध्ये असलेल्या ली आयकोका यांच्याकडे. एकच युक्ती अठरा वर्षांनी पुन्हा.

रस्तापुराण:
ती युक्ती नसती, तर काय उरले असते, तेही लिहा. एप्रिल 1976 मध्ये कॅडिलॅकची शेवटची एल्डोराडो कन्व्हर्टिबल बाहेर पडली आणि त्यानंतर डेट्रॉइटच्या मोठ्या कंपन्यांकडे कन्व्हर्टिबल उरलीच नाही. त्या एल्डोराडोचा पुढच्या चाकांनी चालणारा तळही ओल्ड्समोबाइलच्या टोरोनॅडोशी सामायिक होता, आणि गंमत अशी की टोरोनॅडोला त्या काळात कन्व्हर्टिबल मिळालीच नाही. म्हणजे तळ उसना आणि उघडे छप्पर फक्त कॅडिलॅककडे. 1982 मध्ये लबॅरनने दार उघडले, 1983 मध्ये मस्टँग कन्व्हर्टिबल परत आली, तीही फोर्डच्याच फेअरमाँट सेडानच्या ‘फॉक्स’ नावाच्या तळावर. स्वतंत्र तळाचा हट्ट धरला असता, तर हिशेब जुळला नसता. आपण कॉर्व्हेट या शेव्हरोलेच्या स्पोर्ट्स कारचे नाव घ्याल म्हणून आधीच सांगतो: 1953 च्या कॉर्व्हेटची फ्रेम वेगळी असली, तरी पुढचे सस्पेन्शन आणि सहा सिलिंडरचे इंजिन शेव्हरोलेच्या सेडानच्या घरातलेच आहे.

मात्र आपले एक म्हणणे मी खोडून काढू शकत नाही. एफ-बॉडीच्या (कॅमॅरो-फायरबर्डच्या सामायिक तळाच्या) 1970 च्या दुसऱ्या पिढीला कन्व्हर्टिबल दिलीच नाही, त्यामुळे पहिल्या पिढीतली ती थरथर आराखड्यातच मुळापासून कमी करण्याची संधी हुकली. तिथे डेट्रॉइटने हात झटकले, हे खरे आहे.

खडाष्टक:
एवढे तरी कबूल केलेत. मग एक व्यावहारिक प्रश्न. 1967 ची फायरबर्ड कन्व्हर्टिबल पाहायला शनिवारी जातो आहे. विकणारा म्हणतो, सांगाडा उत्तम आहे. त्याच्या शब्दावर मी विसंबणार नाही.

गॅरेजवाला_न्यूजर्सी:
डिकी उघडून मागच्या दोन्ही कोपऱ्यांतले डबे जागेवर आहेत का, ते आधी पाहा. नसतील, तर पुढचेही गेले असे समजा आणि किमतीतून ते वजा करा. मग उपचौकटीचे रबरी बुश पाहा, विशेषतः चालकाच्या पायांखालचे. तिथला पत्रा स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकून बघा. बद्द आवाज आला, तर आत गंज आहे. शेवटी पुढच्या चाकामागे जॅक लावून गाडी चार इंच उचला आणि त्याच बाजूचे दार उघडून पुन्हा लावा. ते अडकले नाही, तर निर्धास्त बोलणी करा. आणि बोनेटखाली पॉन्टिॲकचेच इंजिन आहे ना, हेही पाहून या, नाहीतर मुळशीकर आपल्याला जगू देणार नाहीत.