वुहानला एमबीबीएसला चाललेय, रोजचं राहणं-खाणं कसं जमवता?

मांजराकाठची
नमस्कार, मी लातूरची, पुढच्या महिन्यात वुहानला निघायचंय. नीट क्वालिफाय आहे, एक्स१ (चीनचा स्टुडंट) व्हिसा झालाय, एनएमसीचं (आपल्याकडच्या मेडिकल कमिशनचं) ५४ महिन्यांचा कोर्स आणि तिथेच १२ महिने इंटर्नशिप वगैरे सगळं कॉलेजकडून लेखी घेतलंय, त्यामुळे ते परत नको प्लीज. मला रोजचं सांगा. मी अंडं खाते पण मटण-चिकन नाही. आईला एकच घोर लागलाय की फोन कसा लागणार, कारण तिकडे व्हॉट्सअ‍ॅप बंद आणि वीचॅट आपल्याकडे २०२० पासून बंद. चायनीज शून्य येतं. बॅगेत काय टाकू?

यांगत्सेकाठचा
ताई, चौथ्या वर्षाला आहे इथेच. सगळ्यात आधी नावाचं बघ, हे कोणी सांगत नाही. आपल्या पासपोर्टवर गिव्हन नेममध्ये स्वतःचं आणि वडिलांचं नाव असतं आणि आडनाव वेगळ्या रकान्यात. माझं बँकेत आडनाव आधी टाकलं, सिमवाल्याने आडनाव शेवटी टाकलं आणि मधली स्पेस खाल्ली, मग अलीपेला (फोनवरून पैसे द्यायचं इथलं अ‍ॅप) बँक जोडायला गेलो तर नाव जुळेना, तीन आठवडे मी रूममेटच्या फोनवरून जेवणाचे पैसे देत होतो, फार लाज वाटायची. इथे भाजीवाल्या आजीपर्यंत सगळे क्यूआर कोड दाखवतात, त्यामुळे फोनवरून पैसे जात नसतील तर माणूस अडकतो. म्हणून सिम आणि बँक दोन्हीकडे काउंटरवरून हलायच्या आधी स्क्रीनवरचं नाव पासपोर्टशी अक्षर न् अक्षर जुळवून बघ. आणि आल्यापासून ३० दिवसांत रेसिडेन्स परमिटला अर्ज करायचा असतो, त्याला उशीर करू नको.

खाण्याचं जमतं. सकाळी रगानम्येन खा, तिळाची घट्ट पेस्ट घातलेल्या नूडल्स असतात, मला पहिल्यांदा खाल्ल्या तेव्हा घरच्या तिळाच्या चटणीचीच आठवण आली. काही ठिकाणी वरून मांसाचा रस्सा घालतात, तेवढं आधी विचारून घे. कँटीनमध्ये टोमॅटो-अंडं आणि बटाट्याचा परतलेला कीस रोज मिळतो. "वो पू छ्र रौ" म्हणजे मी मांस खात नाही, पण खिमा त्यांच्या लेखी मांसात धरत नाहीत बऱ्याचदा, तोफू मागवलं तरी त्यात निघतो, म्हणून "रौमो" म्हणजे खिमा पण नको असं वेगळं सांगायचं. तूरडाळ, पोहे, काळा मसाला घरून आण. थंडीत शून्याच्या आसपास जातं, पण हवा ओली असल्याने हाडात शिरते, आणि उत्तरेसारखं सरकारी हीटिंग वुहानला नाही, तेव्हा थर्मल आणि गरम पाण्याची पिशवी हवीच.

सोलापूरचा_शीच्याच्वांगमध्ये
वरचं सगळं बरोबर आहे, पण मी म्हणेन बॅगेपेक्षा भाषेचं बघ. लेक्चर इंग्लिशमध्ये होतात, पेशंट इंग्लिश बोलत नाही. तिसऱ्या वर्षी वॉर्डात एक आजी मला "थंग, थंग" म्हणत होत्या, मला कळेचना, शेवटी त्यांनीच माझा हात धरून स्वतःच्या पोटाच्या उजव्या बाजूला नेऊन ठेवला. थंग म्हणजे दुखतंय. एवढा एक शब्द मला येऊ नये याचं मला फार वाईट वाटलं, त्या रात्रीपासून रोज २० शब्द लिहून काढायला लागलो. तू निघायच्या आधीच एचएसकेचं (चिनी भाषेची परीक्षा) पहिलं पुस्तक सुरू कर.

आमच्या सोलापूरचे डॉ. कोटणीस १९३८ मध्ये युद्धातल्या जखमींवर उपचार करायला चीनला आले, चिनी भाषा शिकले, ९ डिसेंबर १९४२ ला वारले तेव्हा जेमतेम ३२ वर्षांचे होते. त्यांची समाधी इथे, मी राहतो त्या उत्तर चीनमधल्या शीच्याच्वांगला आहे, एप्रिलमध्ये छिंगमिंगला (पूर्वजांच्या समाधीवर जायचा सण) गेलो होतो तर लोकांनी फुलं ठेवलेली होती. वॉर्डात भारतातून आलोय म्हटलं की वयस्कर माणसं "क तीह्वा" म्हणतात, ते त्यांचं चिनी नाव. अंगावर काटा येतो खरंच.

नांदेडची_आई
बाळा, आईला सांग काळजी करू नका म्हणावं, माझा मुलगा तिकडेच आहे. त्याने भारतातलं सिम चालू ठेवलंय, रोमिंग पॅक टाकला की त्याच नेटवर त्याचं व्हॉट्सअ‍ॅप चालतं, बँकेचे ओटीपी पण त्यावरच येतात. पॅक महाग पडतो म्हणून रविवारी व्हिडिओ कॉल आणि बाकी दिवस मेसेज असं आम्ही ठरवलंय. तिकडे अडीच तास पुढे असतं, मी पहिले काही दिवस जेवणं उरकून साडेनऊला फोन करायचे तर तिकडे बारा वाजलेले, पोरगा झोपेतून उठून बोलायचा आणि मला सांगायचा नाही. आता आम्ही संध्याकाळी सातला बोलतो.

मांजराकाठची
खूप खूप आभार सगळ्यांचे, काकू तुमचा मेसेज आईला वाचून दाखवला. पुस्तक आजच मागवते. एकच राहिलं, दोन लिटरचा कुकर आणू का?

यांगत्सेकाठचा
नको. होस्टेलच्या खोलीत शिजवायला बंदी आहे, खालची आयी (होस्टेलची देखरेख करणारी मावशी) तपासणीला आली की शेगडी, कुकर सगळं उचलून नेते. आमच्या मजल्यावर कॉमन किचन आहे, तुझ्या होस्टेलला आहे का ते आधी विचार, कुकर इथे ऑनलाइन मिळतो. त्या जागेत मसाला जास्त आण.