मदत हवी आहे: ठरावाची नक्कल देत नाहीत, "प्रोसिडिंग कायम व्हायचंय" म्हणतात

गाळेकरी | सोमवार, रात्री ११:४०

तातडीचं आहे म्हणून थेट विचारतो. ठराव होऊन गेलाय, नक्कल देत नाहीत. चार चकरा झाल्या. पहिल्यांदा "साहेब मीटिंगला गेलेत". दुसऱ्यांदा सभा लिपिक रजेवर. तिसऱ्यांदा "प्रोसिडिंग अजून कायम झालेलं नाही, पुढच्या सभेत होईल, मग या". आज सकाळी तर त्याने वही कपाटातून काढली, पान उघडलं, ठराव क्रमांक मला दिसला. वाकून वाचायला गेलो तर खालच्या अर्ध्या पानावर तळहात ठेवला आणि म्हणाला, असं वाचता येत नसतं.

शुक्रवारपर्यंत बँकेत नक्कल द्यायची आहे. कुठलं कलम दाखवू ते सांगा. प्रवचन नको. गावाचं नाव विचारू नका, इथे सगळे एकमेकांना ओळखतात.

बंडूनाना | सोमवार, रात्री ११:५८

ग्रामसभेत उभं राहून विचारा. चार लोकांसमोर विचारलं की ग्रामसेवकाला उत्तर द्यावंच लागतं. आमच्याकडे रस्त्याच्या खडीचा हिशेब असाच काढला होता.

कावेरीकाठ | मंगळवार, सकाळी ७:१५

नाना, धागाकर्त्याने ग्रामपंचायत म्हटलेलंच नाही. सभा लिपिक हे पद ग्रामपंचायतीत कुठून येणार?

@गाळेकरी, नगरपंचायत की नगरपरिषद? ठराव कशाचा? सर्वसाधारण सभेचा की स्थायी समितीचा? तारीख काय? नक्कल मागितली ती तोंडी की लेखी अर्ज देऊन? यातलं काहीच लिहिलेलं नाही तुम्ही. कलम कुठलं सांगणार?

गाळेकरी | मंगळवार, सकाळी ९:०२

नगरपरिषद आहे हो. क वर्ग. मला वाटलं ते कळतंच. विषय गाळ्याचा आहे. मार्केटमधला गाळा आप्पांच्या नावावर होता, तो माझ्या नावावर करायचा. मंजूर झालाय, आमच्या वॉर्डातल्या माजी नगरसेवकांनी स्वतः सांगितलं. आता फक्त कागद हवा. एवढं पुरे?

झुंजार | मंगळवार, सकाळी ९:२०

माहिती अधिकार टाका. विषय संपला. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, दीडशे शब्दांच्या आत मजकूर, एका अर्जात एकच विषय (राज्याचे २०१२ चे नियम आहेत). तीस दिवसांत दिलं नाही तर कलम १९(१) खाली पहिलं अपील. मी आजवर साठच्या वर अर्ज टाकलेत. आमच्या ऑफिसात मी दारात दिसलो की खुर्ची पुढे येते.

निवृत्त लेखनिक | मंगळवार, सकाळी १०:४५

झुंजारराव, त्यांना शुक्रवारी कागद हवाय आणि तुम्ही तीस दिवसांचं औषध देताय.

मी चौतीस वर्षं नगरपरिषदेत काढली, त्यातली नऊ सभा विभागात. म्हणून थोडं लांब लिहितो, राग नसावा. नगरपरिषदेच्या सभांची सगळी रीत १९६५ च्या अधिनियमाच्या कलम ८१ मध्ये आहे. सर्वसाधारण सभेची नोटीस सात पूर्ण दिवस आधी, विशेष सभेची तीन दिवस आधी. सभा झाली की इतिवृत्त (म्हणजेच प्रोसिडिंग) लिहायचं, पुढच्या सभेत "मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे" हा बहुधा विषय क्रमांक १. तोवर आम्ही नक्कल देत नसू, हे खरं आहे. कारण सांगतो. सभेत सदस्य एक बोलतात, लिपिक दुसरं ऐकतो आणि संध्याकाळी नगराध्यक्षांच्या केबिनमध्ये तिसरंच लिहिलं जातं. "सर्वानुमते मंजूर" लिहून बसलो आणि दुसऱ्या दिवशी सहा जण विरोधाची नोंद घ्या म्हणून दारात उभे, हे मी पाहिलंय. कायम होण्याआधी नक्कल बाहेर गेली तर लिपिकाची मान अडकते. तेव्हा त्या पोराला लगेच शिव्या घालू नका.

पण तुम्ही लेखी अर्ज दिलाय का? आवक नंबर पडला का? तोंडी मागितलेली नक्कल म्हणजे मागितलीच नाही.

शिवाय दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांनी अभिलेख पाहावेत असा शासन निर्णय आहे, २०१८ चा. पुणे महापालिकेत आधीपासून होतं, ते राज्यभर लावलं. त्या वेळेत जा, हात ठेवणार नाही कोणी.

गाळेकरी | मंगळवार, सकाळी ११:१०

काल सोमवारच होता!!! अकरा वाजता गेलो होतो.

सुपारीचं खांड | मंगळवार, सकाळी ११:१२

:)) चार तास कॅन्टीनमध्ये बसायला हवं होतं.

झुंजार | मंगळवार, सकाळी ११:३०

लिपिकाची बाजू घेणारे सगळीकडे असतात. साधा अर्ज म्हणजे साधी रद्दी. आणि माहिती अधिकार जमत नसेल तर सरळ जिल्हाधिकाऱ्यांकडे कलम ३०८ टाका. दोन दिवसांत फाईल हलते की नाही बघा.

कावेरीकाठ | मंगळवार, दुपारी १२:०५

अहो, ३०८ हे ठरावाची अंमलबजावणी थांबवण्यासाठी आहे. जिल्हाधिकारी ठराव स्थगित करतात त्याखाली. यांना ठराव हवाय आणि तुम्ही तो बंद पाडायला निघालात.

झुंजार | मंगळवार, दुपारी १२:१८

तक्रार गेली की दप्तर तर उघडावं लागतं ना? माझा मुद्दा तो होता.

पारंबी | मंगळवार, दुपारी १:४०

वारस नोंदीसाठी आता तलाठ्याकडे जायची गरजच नाही. ई-हक्क प्रणालीवर घरबसल्या अर्ज होतो. मृत्यू दाखला आणि प्रतिज्ञापत्र अपलोड करायचं, फेरफार निघतो, हरकतीची मुदत संपली की सातबाऱ्यावर नाव. माझ्या काकांचं असंच झालं. तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, तेही लक्षात ठेवा.

सुपारीचं खांड | मंगळवार, दुपारी १:४४

गाळ्यात ऊस लावलाय का यांनी?

निवृत्त लेखनिक | मंगळवार, दुपारी २:३०

पारंबीताई, गाळा नगरपरिषदेच्या मालकीचा, आप्पा भाडेपट्टेदार. सातबाऱ्याचा संबंध नाही. परिषदेची स्थावर मालमत्ता कशी द्यायची ते कलम ९२ मध्ये आहे. तीन वर्षांपर्यंतचा भाडेपट्टा परिषद स्वतः देऊ शकते, त्यापुढे वरची परवानगी लागते. म्हणून गाळेकरीसाहेब, आप्पांच्या करारनाम्याची मुदत काय होती ते आधी पाहा. मुदत संपलेली असेल तर नुसतं नाव बदलून भागत नाही, नूतनीकरणाचा विषय वेगळा येतो.

आणि अजून दोन प्रश्न. वारस म्हणून कोणता कागद जोडलात? भाडं भरलेलं आहे का?

गाळेकरी | मंगळवार, दुपारी ३:१५

करार आहे, मुदत आहे. वारसाचा कागद तहसीलमधून आणला होता. धाकट्या भावाचं संमतीपत्रही दिलंय. पावती अजून आप्पांच्याच नावाने निघते, "कै." सुद्धा लावत नाहीत, आणि त्याखाली सही मी करायची. तीन वर्षं झाली त्यांना जाऊन.

माझा प्रश्न नकलेचा आहे. कृपया त्यावर बोला.

अॅडव्होकेट आज्जी | मंगळवार, सायंकाळी ५:००

तहसीलदारांचा वारस दाखला पेन्शनबिन्शनसाठी चालतो. वाद उद्भवला तर दिवाणी न्यायालयाचं वारस प्रमाणपत्र लागेल, मुंबई रेग्युलेशन ८, सन १८२७ खालचं. दोनशे वर्षांचा कायदा, आजही रोज वापरतो आम्ही. उत्तराधिकार प्रमाणपत्र वेगळं. ते १९२५ च्या कायद्याखाली, बँकेतल्या ठेवी आणि येणी वसूल करण्यासाठी. लोक दोन्हींची खिचडी करतात.

बंडूनाना | मंगळवार, सायंकाळी ५:२५

कोर्टात गेलं तर नातवाच्या नावावर होईल गाळा. आमच्याकडे सरपंचाच्या सहीवर काम झालं.

अॅडव्होकेट आज्जी | मंगळवार, सायंकाळी ५:३१

नाना, सरपंच नाहीत हो तिथे.

सुपारीचं खांड | मंगळवार, सायंकाळी ६:१०

अवांतर: नवीन नगराध्यक्षांनाच का नाही गाठत? आता थेट जनतेतून निवडून आलेत, ऐकतील की.

झुंजार | मंगळवार, सायंकाळी ६:४०

थेट! २०१६ ला थेट, २०२० ला पुन्हा नगरसेवकांतून, २०२२ ला परत थेट. सरकार बदललं की नगराध्यक्षाचा दरवाजा बदलतो. एका पक्षाचा नगराध्यक्ष आणि दुसऱ्या पक्षाचं बहुमत बसलं की पाच वर्षं फक्त सभा तहकूब.

सुपारीचं खांड | मंगळवार, सायंकाळी ६:५२

नगरसेवकांतून होता तेव्हा सहलीला जायचे सगळे मिळून. ते बरं होतं का? निदान आता

सुपारीचं खांड | मंगळवार, सायंकाळी ६:५३

प्रकाटाआ, म्हणजे प्रतिसाद काढून टाकला आहे. (अर्धाच गेला. राहू द्या, पेटेल.)

कावेरीकाठ | मंगळवार, रात्री ८:२०

राजकारणाचा वेगळा धागा काढा ना.

@गाळेकरी, सकाळपासून एक प्रश्न तसाच पडलाय. ठरावाची तारीख? वहीत क्रमांक दिसला म्हणता, तारीखही दिसली असेल.

गाळेकरी | मंगळवार, रात्री ९:०५

तारखेने काय फरक पडतो? ऑगस्ट २०२४. ठराव क्रमांक सांगत नाही.

निवृत्त लेखनिक | मंगळवार, रात्री ९:२२

अहो, हे पहिल्या ओळीत लिहायचं!

ऑगस्ट २०२४ मध्ये तुमच्याकडे सभागृह होतं का? बहुतेक नगरपरिषदांची मुदत २०२१-२२ मध्येच संपली. निवडणुका लागल्या त्या थेट डिसेंबर २०२५ मध्ये, मतदान २ तारखेला आणि मोजणी २१ ला. मधली सगळी वर्षं प्रशासक. तुमच्याकडेही तसंच असेल तर त्या तारखेला सभा नाही, सूचक नाही, अनुमोदक नाही. प्रशासकाने सही केली तो ठराव. प्रशासक म्हणजेच परिषद, तिचे सगळे अधिकार त्याच्याकडे. मग त्याचं प्रोसिडिंग आता निवडून आलेले सदस्य कसं काय कायम करणार? जे त्या दिवशी तिथे नव्हतेच, ते काय वाचून होकार देणार?

तुमचे माजी नगरसेवक "सभेत मंजूर केला" म्हणाले असतील तर तेही तेव्हा घरीच होते.

गाळेकरी | मंगळवार, रात्री ९:३०

होय, प्रशासक होते. मुख्याधिकारीच होते प्रशासक.

"आम्ही करून घेतला" असं म्हणाले होते ते.

निवृत्त लेखनिक | मंगळवार, रात्री ९:४८

मग लिपिकाला एक तर माहीत नाही, नाहीतर खालच्या अर्ध्या पानावर असं काही आहे जे त्याला तुमच्या तोंडावर सांगायचं नाही. दुसरं असेल असं मला वाटतं. नवीन पोरं असं करतात. वाईट बातमी असली की "पुढच्या सभेत".

उद्या सकाळी अर्ज द्या. मुख्याधिकाऱ्यांच्या नावे. "प्रशासक ठराव क्रमांक अमुक, दिनांक अमुक, याची प्रमाणित नक्कल मिळावी, नियमाप्रमाणे शुल्क भरण्यास तयार आहे." आवक विभागात द्यायचा, दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि नंबर घ्यायचा. प्रशासक हा शब्द अर्जात दिसू द्या. शुक्रवारचं मात्र बँकेला सांगून ठेवा.

झुंजार | मंगळवार, रात्री १०:०५

आणि सोबत माहिती अधिकारही टाका. एक दगड खिशात असावा.

निवृत्त लेखनिक | मंगळवार, रात्री १०:११

टाका. त्याला माझी ना नाही.

पारंबी | बुधवार, सकाळी ८:३०

तहसीलच्या लोकशाही दिनात पण देता येतो अर्ज, तिसऱ्या सोमवारी. जिल्ह्याचा पहिल्या सोमवारी असतो. (सातबाऱ्याचं चुकलं, मान्य.)

गाळेकरी | पुढचा सोमवार, रात्री ८:१५

अपडेट. बुधवारी अर्ज दिला, शिक्का घेतला. शुक्रवारी गेलो, नक्कल तयार नव्हती. बँकेने पंधरा दिवस वाढवून दिले. आज तीन वाजता बरोबर गेलो. शासन निर्णयाचं नाव काढल्यावर अधीक्षक बाईंनी वही मागवून समोर ठेवली. लिपिक पाणी प्यायला गेला तो आलाच नाही.

वरच्या अर्ध्यात आप्पांचं नाव, गाळा क्रमांक, माझा अर्ज, "नाव दाखल करण्यास मंजुरी देण्यात येत आहे". खाली: "तथापि सर्व कायदेशीर वारसांची संमतीपत्रे सादर केल्यानंतर व संपूर्ण थकीत भाडे भरणा केल्यानंतरच अंमल द्यावा."

नक्कल मिळाली. दोन पानं. पण बँकेला ही देऊन उपयोग नाही.

अॅडव्होकेट आज्जी | पुढचा सोमवार, रात्री ८:४०

सर्व वारसांची म्हणजे? तुम्ही भावाचं दिलंय म्हणालात. आई? बहिणी?

गाळेकरी | पुढचा सोमवार, रात्री ९:१०

आई आप्पांच्या आधी गेली. एक ताई आहे. तिचं लग्न झालंय ना, म्हणून धरलं नव्हतं.

अॅडव्होकेट आज्जी | पुढचा सोमवार, रात्री ९:१२

लग्न झालं म्हणून मुलगी वारस राहत नाही हे कोणी सांगितलं तुम्हाला? १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यात ती पहिल्यापासून वर्ग एकची वारस आहे, तुमच्या बरोबरीने. तहसीलच्या कागदात तिचं नाव आहे की नाही ते आज बघा. नसेल तर तो कागदच अडचणीत आणेल.

कावेरीकाठ | पुढचा सोमवार, रात्री ९:३०

आणि थकीत भाडं? लेखनिककाकांनी मंगळवारीच विचारलं होतं, तुम्ही पावतीवरच्या "कै."ची गोष्ट सांगितलीत.

बंडूनाना | पुढचा सोमवार, रात्री ९:५०

संमतीपत्र कितीच्या स्टॅम्पवर? शंभरचा आता चालत नाही म्हणे, पाचशेचा लागतो.

अॅडव्होकेट आज्जी | पुढचा सोमवार, रात्री १०:०५

नाना, सरकारी कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक माफ आहे, साध्या कागदावर चालतं. गाळेकरी, तुम्ही मात्र कार्यालयात त्यांचा नमुना मागा आणि मग मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

गाळेकरी | पुढचा मंगळवार, सकाळी ७:५०

काल रात्री ताईला फोन लावला. गेल्या गणपतीपासून बोलणं नव्हतं. तहसीलच्या कागदाचं, संमतीपत्राचं सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि पहिलं विचारलं, भाडं किती महिन्यांचं थकलंय?

नाव लागेपर्यंत भरायचं नाही असं मी ठरवलं होतं. नऊ महिने.

ती म्हणाली आधी ते भर, पावतीचा फोटो पाठव, मग बघू.