खडकांवर नको, मधल्या वाळूत बघा
खडकाळ किनाऱ्यावर डायव्हिंग करताना लेप्यासारखे चपटे मासे दिसतच नाहीत, असं काहींना वाटतं. असतात हो, पण आपली नजर खडकांवरच खिळलेली असते. दोन खडकांमध्ये वाळूचा छोटा पट्टा दिसला की मी तिथे थांबतेच. मासा नाही, डोळे शोधायचे! वाळूतून वर आलेले दोन बारीक उंचवटे, आणि ते वेगवेगळ्या दिशांना फिरत असतात. मग कल्ल्याजवळचे वाळूचे कण हलताना दिसतात आणि एकदम अख्ख्या माशाची कड उमटते. तो क्षण मला दर वेळी तितकाच आवडतो.

पिल्लू असताना हा मासा इतरांसारखाच उभा पोहतो, दोन्ही बाजूंना एकेक डोळा. बऱ्याच जातींत जेमतेम सेंटीमीटर-दीड सेंटीमीटरचा झाला की एक डोळा सरकत सरकत पलीकडे जातो. काही जाती तर थेट खडकालाच चिकटतात, कपारीच्या छताला उलट्यासुद्धा, तेव्हा टॉर्च वरही मारा.

फक्त पायातले फिन वाळूला लागू देऊ नका. गाळ उठला की सगळंच दिसेनासं होतं. आणि त्याला हाताने डिवचू तर मुळीच नका.