मदत हवी आहे: एपीआय डॉक्युमेंटेशनसाठी टूल सुचवा (अर्जंट)

महापे_लोकल
लोकहो, वेब सर्व्हिसचं (एपीआयचं) डॉक्युमेंटेशन, म्हणजे कुठल्या पत्त्यावर काय पाठवायचं आणि काय परत मिळतं ते, आपोआप जनरेट करणारं चांगलं टूल सांगा. स्वॅगर (कोडमधून डॉक्युमेंटेशन बनवणारं टूल) करून बघितलं, चालत नाही. साठेक एंडपॉइंट (सर्व्हिसचे पत्ते) आहेत, आत्तापर्यंत वर्डमध्ये लिहायचो, ती फाइल कोणी अपडेट करत नाही आणि आता क्लायंट म्हणतोय यातलं निम्मं चुकीचं आहे. सोमवारी द्यायचंय. फुकटातलं सांगा, आमच्याकडे पाचशे रुपयांच्या लायसन्सलाही महिनाभर अप्रूव्हल लागतं.

तलावपाळी
चालत नाही म्हणजे काय होतं? भाषा कुठली, फ्रेमवर्क कुठलं, एरर काय, काहीच नाही. रिक्षावाल्याला नुसतं "ठाणे" म्हटल्यासारखं झालं, पूर्व का पश्चिम ते तरी सांगा.

घणसोली_१२
पोस्टमन (एपीआय तपासायचं ॲप) वापरा. त्यात रिक्वेस्टचं कलेक्शन असेल तर त्यातूनच डॉक्युमेंटेशन पब्लिश होतं. आम्ही तेच करतो, कधी प्रॉब्लेम नाही.

रसिका_के
पब्लिश केलं की ते पोस्टमनच्या क्लाउडवर जातं, क्लायंट बँक वगैरे असला तर सिक्युरिटीवाले डोक्यावर बसतील. आणि कलेक्शनही हातानेच अपडेट करायचं, मग वर्डने काय घोडं मारलं होतं?

महापे_लोकल
सॉरी, घाईत राहिलं. जावा आहे, फ्रेमवर्क स्प्रिंग बूट. स्वॅगरसाठी स्प्रिंगफॉक्स ही लायब्ररी टाकली की ॲप सुरूच होत नाही, नल पॉइंटर येतो. आणि क्लायंटच्या मशीनवर इंटरनेट नाही, फाइलच द्यावी लागेल.

तलावपाळी
हे आधी सांगायला काय झालं होतं! बूट २.६ किंवा त्याच्या पुढचं असणार. २.६ पासून स्प्रिंगने पाथ मॅच करायची (आलेला पत्ता कुठल्या कोडकडे जाणार ते ठरवायची) डीफॉल्ट पद्धत बदलली आणि स्प्रिंगफॉक्सचं शेवटचं रिलीज २०२० चं, त्याला हे माहीतच नाही, म्हणून मरतं. मॅचिंग स्ट्रॅटेजी परत ॲन्ट पाथ मॅचर केली तर चालेल पण ते ठिगळ झालं. स्प्रिंगफॉक्स काढा, तेच काम करणारं स्प्रिंगडॉक टाका.

घणसोली_१२
हो स्प्रिंगडॉक मस्त, लेटेस्ट घ्या डोळे झाकून.

जुना_जावावाला
डोळे झाकून नको रे बाबा. स्प्रिंगडॉक २ ला बूट ३ लागतं, म्हणजे किमान जावा १७ आणि बरेचसे जावाएक्सचे इम्पोर्ट जकार्ता करायचे. बूट २ असेल तर स्प्रिंगडॉक १ च्या लायनीतलं घ्यायचं. व्हर्जन किती आहे तुमचं?

महापे_लोकल
२.७. लेटेस्ट टाकलं होतं, क्लास नॉट फाउंड आला 😭

जुना_जावावाला
@घणसोली_१२ बघा.

नितळ
मला एक कळत नाही, ॲनोटेशनने (कोडमध्ये लावायच्या खुणांनी) कंट्रोलर, म्हणजे रिक्वेस्ट हाताळणारे क्लास, कशाला घाण करायचे? स्प्रिंग रेस्ट डॉक्स वापरा. टेस्ट लिहिता त्यातूनच रिक्वेस्ट-रिस्पॉन्सचे तुकडे तयार होतात, आणि एखादं फील्ड डॉक्युमेंट करायचं राहिलं की टेस्टच फेल होते. डॉक्युमेंटेशन खोटं बोलूच शकत नाही.

रसिका_के
साठ एंडपॉइंटच्या टेस्ट सोमवारपर्यंत कोण लिहिणार, तू येतोस का महाप्याला?

नितळ
आलो असतो, पण मी घोडबंदरला राहतो, निघालो की पोचेपर्यंत बूट ५ आलेलं असेल.

वाशी_ते_ठाणे
महाप्यात दुपारी घरगुती डबा देणारं कोणी माहितीये का कोणाला? मेसचं खाऊन वैतागलो.

तलावपाळी
त्यासाठी वेगळा धागा काढा.

जुना_जावावाला
फाइलचं सांगतो. स्प्रिंगडॉक चालू झालं की व्ही३ एपीआय-डॉक्स या पत्त्यावर सगळ्या एंडपॉइंटचं वर्णन असलेला जेसन मिळतो. तो सेव्ह करून रीडॉकलीच्या (रीडॉक हे टूल त्यांचंच) बिल्ड-डॉक्स कमांडला द्या, एक एचटीएमएल बनते, डावीकडे मेनू वगैरे, क्लायंटला आवडतं. स्वॅगर यूआयसारखं "ट्राय इट आउट" (पानावरूनच एपीआय चालवून बघायचं बटण) फुकटच्या रीडॉकमध्ये नाही, पण तुम्हाला ते नकोच आहे. आणि हो, प्रॉडक्शनला ते एपीआय-डॉक्स बंद ठेवा, आमच्याकडे एकाने उघडं ठेवलं होतं, सगळे ॲडमिन एंडपॉइंट जगाला दिसत होते.

महापे_लोकल
झालं! स्प्रिंगडॉक १.८ टाकलं, सगळे एंडपॉइंट आले. एचटीएमएलही बनली. थँक्यू दादा.

रसिका_के
वायफाय बंद करून उघडून बघितलीस?

महापे_लोकल
...नीट चालत नाहीये.

रसिका_के
वाटलंच. त्या फाइलीत रीडॉकची स्क्रिप्ट नेटवरून येते. रीडॉकची स्टँडअलोन जेएस फाइल डाउनलोड करून शेजारी ठेव आणि एचटीएमएलमधला पत्ता बदल. दोन्ही झिप करून पाठव.

तलावपाळी
आणि एक, टूल फक्त सांगाडा देतं. "एसटी_सीडी" असल्या फील्डचा नेमका अर्थ काय हे स्कीमा ॲनोटेशनमध्ये तुम्हालाच लिहावं लागणार. एररचे रिस्पॉन्सही बघा, सगळीकडे नुसतं २०० (म्हणजे यशस्वी) दिसत असेल. एरर एका जागी हाताळणाऱ्या कंट्रोलर ॲडव्हाइसमध्ये रिस्पॉन्स स्टेटस लावलेत तर ते स्प्रिंगडॉक आपणहून उचलतं.

महापे_लोकल
हो २००च दिसतंय, आज रात्री बसतो. एक शेवटचं, यात चार सर्व्हिस सोपच्या (जुन्या, एक्सएमएलवाल्या पद्धतीच्या) आहेत, त्या लिस्टमध्ये येतच नाहीयेत, कुठलं सेटिंग करायचं?

तलावपाळी
सोप?? ओ साहेब, चार दिवसांनी सांगताय हे!

जुना_जावावाला
कुठलंच नाही. स्प्रिंगडॉक ज्या फॉरमॅटमध्ये लिहितं तो ओपनएपीआय सोपसाठी नाहीच. सोपचं डब्ल्यूएसडीएल (सर्व्हिसचं वर्णन करणारी एक्सएमएल फाइल) हेच काँट्रॅक्ट असतं, पत्त्यापुढे प्रश्नचिन्ह लावून डब्ल्यूएसडीएल लिहा, बहुतेक मिळेल. वाचण्यासारखं हवं असेल तर त्याला एक्सएसएलटी (एक्सएमएलचं रूपांतर करणारी भाषा) लावून एचटीएमएल करता येतं.

महापे_लोकल
चारही डब्ल्यूएसडीएल मिळाली. मॅनेजरला सगळं दाखवलं, म्हणाला छान आहे, आता वर्डमध्ये दे.

रसिका_के
ब्राउझरमधून प्रिंट करून पीडीएफ दे. वर्ड अजिबात देऊ नकोस, परत कोणीतरी त्यातच दुरुस्त्या करत बसेल.

वाशी_ते_ठाणे
डब्याचं कोणी सांगेल का?