'पेल्विक फ्लोअर'ला मराठीत काय म्हणाल?

घोडबंदरकरीण:
पुढच्या महिन्यात आमच्या सोसायटीच्या महिला मंडळात एक फिजिओथेरपिस्ट बोलायला येणार आहेत. खोकल्या-शिंकल्यावर लघवी होणं, अंग खाली येणं असे विषय. वाटायच्या पत्रकाचं मराठी माझ्या गळ्यात पडलंय. मूळ मजकुरात ओळीओळीला 'पेल्विक फ्लोअर' आहे. मी 'श्रोणीतल' लिहिलं, तर अध्यक्षीणबाईंनी विचारलं, हे कुठल्या तालुक्यात आलं? 'ओटीपोटाचे स्नायू' चालेल का? आणि 'इनकॉन्टिनन्स'ला कुठेतरी 'मूत्र-असंयम' वाचलं होतं, तो शब्द कसा वाटतो?

मासुंदा:
शहापूर तालुका, बहुतेक. :)
सरळ 'पेल्विक फ्लोअर' ठेवा. बीपी, शुगर, थायरॉइड म्हणतोच की आपण.

नेरुळची फिजिओ:
ताई, 'ओटीपोटाचे स्नायू' अजिबात नको. ओटीपोट म्हणजे बेंबीखालचं पोट. 'ओटीपोटाचे स्नायू आवळा' म्हटलं की समोरची बाई हमखास पोट आत ओढते आणि श्वास रोखून धरते. त्याने पोटातला दाब वाढतो आणि जातो नेमका खाली. म्हणजे ज्या स्नायूंना बळ द्यायचं, त्यांच्यावरच भार.

मी 'ओटीपोटाच्या तळाचे स्नायू' म्हणते. पहिल्यांदा लांब वाटतं, पण 'तळ' आला की जागा कळते. पुढे जांघांच्या मधलं हाड, मागे माकडहाड आणि या दोन्हींना बांधलेली झोळी. मूत्राशय, गर्भाशय, गुदाशय तिच्यावर पेललेले असतात आणि लघवीची, बाळाची, शौचाची वाट तिच्यातूनच खाली जाते. म्हणून या स्नायूंना दोन उलटी कामं आहेत: धरायचं आणि वेळ आली की सोडायचं. पत्रकात हे दोन्ही शब्द येऊ द्या.

वाशीची मावशी:
'असंयम' वाचून माझं डोकं फिरलं. संयम नाही म्हणजे काय, बाई बेताल वागते? तीन बाळंतपणं झालेल्या बाईला वर हे ऐकवायचं? आमच्या घरात बायका साधं म्हणायच्या, 'लघवी धरवत नाही'. दोषही कोणाला नाही आणि अर्थही पूर्ण. गर्भाशय खाली उतरलं तर 'अंग बाहेर आलंय'. पांढरं जातं ते 'अंगावरून जातं'. सगळं 'अंग'च. लाजेचा शब्द असला तरी बायकांना आपापसांत बरोब्बर कळायचा. डॉक्टरसमोर मात्र तोंडातून निघायचा नाही, ते वेगळं.

बेलापूरकर:
गंमत बघा, या दुखण्याच्या शस्त्रक्रियांना आपल्याकडची आडनावं आहेत. गर्भाशय वर उचलून धरायची शिरोडकर स्लिंग आणि पुरंदरे यांची सर्व्हायकोपेक्सी, दोन्ही मुंबईच्या डॉक्टरांच्या. ऑपरेशनला घरचं नाव आणि दुखण्याला मेलं 'असंयम'.

घोडबंदरकरीण:
मावशी, 'धरवत नाही' पक्कं. पण इंग्रजीत दोन प्रकार दिलेत, 'स्ट्रेस' आणि 'अर्ज' (urge, म्हणजे अचानक घाईची लागणं). 'ताण' लिहिलं तर वाचणारीला ऑफिसचा ताण वाटेल.

नेरुळची फिजिओ:
वाटतंच. एकीने मला विचारलं होतं, टेन्शन कमी केलं की लघवी थांबेल का? प्रकारांना नावं देण्यापेक्षा काय होतं ते लिहा. पहिला: खोकताना, शिंकताना, हसताना, बादली उचलताना थोडी लघवी होते. दुसरा: लागली की थांबवत नाही, कुलूप उघडेपर्यंत दारातच होते. दोन्ही एकीलाच असू शकतात. तुमच्या वाचकांतल्या बऱ्याच जणी ठाणे-वाशी गाडीने ये-जा करत असतील, म्हणून एक भर घाला. घरातून निघताना लागलेली नसली तरी 'जाऊन येते' म्हणायची सवय. मूत्राशयात साधारण ४०० ते ५०० मिली मावतं. थोडं साठलं की रिकामं करत राहिलं तर त्याला थोडक्यातच कळ द्यायची सवय लागते. पुढे ही सवय मोडायलाही शिकवावं लागतं.

मासुंदा:
'कमकुवत'ला 'सैल' चालेल?

वाशीची मावशी:
नाही हो. त्या शब्दाचा बायकांच्या बाबतीत काय वापर होतो ते तुम्हालाही माहीत आहे.

नेरुळची फिजिओ:
मावशींशी सहमत, आणि वैद्यकीय कारणही आहे. बिघाड दोन्ही बाजूंनी होतो. काहींचे हे स्नायू दुबळे असतात, तर काहींचे सतत आवळलेले, सुटतच नाहीत. मग लघवीची धार तुटक येते, शौचाला कुंथावं लागतं, संबंधाच्या वेळी दुखतं. अशा बाईला 'आवळा, आवळा' सांगितलं तर दुखणं वाढू शकतं. तिला आधी सोडायला शिकवावं लागतं. 'सैल पडलेत' एवढंच छापलं तर ती स्वतःला त्यात शोधेल आणि चुकीचा व्यायाम करत बसेल. दुबळ्यांसाठी 'जोर कमी पडतो' लिहा आणि घट्ट राहणाऱ्यांसाठी 'मोकळे होत नाहीत'. आणि व्यायामाआधी तपासून घ्या, ही ओळ ठळक.

बेलापूरकर:
व्यायामाला 'मूलबंध' म्हणता येईल की. हठयोगप्रदीपिकेत आहे. टाचेने खालची जागा दाबून गुदद्वार आवळायचं आणि अपान, म्हणजे खाली जाणारा वायू, वर ओढायचा.

नेरुळची फिजिओ:
स्नायू बरेचसे तेच, पण तिथे हेतू वेगळा आणि सांगितलंय योग्यांना. त्या श्लोकातला 'योनि' शब्दही दोन वाटांमधल्या जागेसाठी आहे. पत्रकात तो गोंधळ नको. 'केगल व्यायाम' हे नाव आता बायकांना माहीत असतं. अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञ अर्नोल्ड केगल यांनी १९४८ मध्ये त्यावर लेख लिहिला, तेव्हापासूनचं. कंसात मूलबंध लिहिलंत तर योगवर्गाला जाणाऱ्यांना ओळखीचं वाटेल.

कृती अशी लिहा: 'वायू सुटू नये म्हणून जसं आवळतो तसं आवळा आणि आत वर ओढा. पोट, मांड्या, कुल्ले हलू देऊ नका. श्वास चालू ठेवा. मग तेवढाच वेळ पूर्ण सोडा.' एका वेळी निदान ८ वेळा, दिवसातून ३ दा, निदान ३ महिने. लघवी करताना मध्येच धार तोडून सराव करू नये, हेही लिहा. लोक हौसेने तेच करतात.

घोडबंदरकरीण:
कच्चा मजकूर सासूबाईंना वाचून दाखवला. '८ वेळा आवळा, दिवसातून ३ दा' ऐकून त्या म्हणाल्या, एवढा आवळा खाल्ला तर दात आंबतील, मोरावळा चालेल का?

वाशीची मावशी:
'आवळून धरा' करा.

नेरुळची फिजिओ:
हो, आणि पुढच्याच ओळीत 'सोडा' आहे, तिथेही 'सोडून द्या' करा. नाहीतर त्या इनो घेतील.