राजकन्या आणि मठ: आसरा की कैद?

धागाकर्ता
इंग्लंडच्या राजघराण्याची वंशावळ वाचताना आपलं लक्ष लग्नांकडे आणि लढायांकडे असतं. पण त्या झाडाच्या नको असलेल्या फांद्या छाटायचं काम मध्ययुगात मठांकडूनही करून घेतलं गेलं, असं माझं ठाम मत आहे. ग्वेनलियनचंच घ्या. वेल्सचा सत्ताधीश ल्यूवेलिनची एकुलती एक मुलगी, जन्म जून १२८२. बाळंतपणात आई गेली, डिसेंबरात बाप इंग्रजांशी लढताना पडला. इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याने वेल्स जिंकलं आणि हे तान्हं पोर लिंकनशरमधल्या सेंप्रिंगहॅमच्या मठात नेऊन ठेवलं. १३३७ साली ती तिथेच वारली. ना लग्न, ना मूल. तिला मुलगा झाला असता तर वेल्सच्या गादीला वारस मिळाला असता, आणि तेच एडवर्डला नको होतं. वर ही मुलगी परकी नव्हती. तिची आई एडवर्डची सख्खी आतेबहीण, म्हणजे ग्वेनलियन नात्याने त्याची भाचीच!

वाटसरू
पटलं नाही. त्याच एडवर्डने १२८५ मध्ये स्वतःची सहा-सात वर्षांची लेक मेरी हिलाही एम्सबरीच्या मठात दिलंच की. पुढे त्याची आईही तिथेच जाऊन राहिली. मग तीही कैदच म्हणायची का? आणि ग्वेनलियनच्या चुलतभावांचं काय झालं तेही सांगा. दोघंही लहानपणापासून ब्रिस्टलच्या किल्ल्यात. त्यातल्या ओवेनला रात्री लोखंडाने जखडलेल्या लाकडी पिंजऱ्यात ठेवा, असा हुकूम १३०५ मध्ये एडवर्डने काढला. तेव्हा तो तिशीच्या आसपासचा असेल. त्या पिंजऱ्याशेजारी मठ ठेवून बघा. त्या काळात पोरीचा जीव वाचवणारी दुसरी जागा कोणती होती?

धागाकर्ता
जीव वाचला, मान्य. पण मेरीचं उदाहरण इथे लागू होत नाही. ती नन असूनही दरबारात येत-जात असे, प्रवास करत असे, फाशांच्या खेळात तिला झालेलं कर्ज बापाने फेडलं. निकोलस ट्रिव्हेटने आपली बखर तिच्यासाठी लिहिली. तिच्यासाठी दार उघडं होतं, ग्वेनलियनसाठी नव्हतं.

उंबरठा
मठांनी वंश तोडले तसे जोडलेही. स्कॉटलंडची राजकन्या माटिल्डा लहानपणी मठातच शिकली. तिथे तिची मावशी क्रिस्तीना तिच्या डोक्यावर काळं कापड घालायची, नॉर्मन पुरुषांची नजर पडू नये म्हणून. काढून टाकलं की मारायची. मावशीची पाठ वळली की ही पोरगी ते कापड जमिनीवर फेकून पायांनी तुडवायची. ११०० मध्ये इंग्लंडचा नॉर्मन राजा पहिला हेन्री याच्याशी लग्न ठरलं तेव्हा तिने हे स्वतः आर्चबिशप आन्सेल्मला सांगितलं. चौकशी झाली, ती नन नव्हती असा निर्णय लागला आणि लग्न झालं. पुढचा राजा दुसरा हेन्री हा तिचा नातू. नॉर्मनांच्या आधी इंग्लंडवर राज्य करणाऱ्या जुन्या इंग्रज राजघराण्याशी नॉर्मन राजवंश तिच्यामुळे जोडला गेला. मला तरी अख्ख्या वंशावळीत ते तुडवलेलं कापड सगळ्यात मोलाचं वाटतं.

धागाकर्ता
सुंदर उदाहरण, पण त्यातून माझाच मुद्दा सिद्ध होतो. लग्न हवं होतं म्हणून ती नन ठरली नाही. आणि स्टीफन राजाची मुलगी मेरी? ती तर शपथ घेतलेली, रॉम्सीची मठप्रमुख. भाऊ ११५९ मध्ये निपुत्रिक वारला, फ्रान्समधल्या बुलोन परगण्याचा वारसा हिच्याकडे आला, आणि लगेच ११६० मध्ये मठातून काढून हिचं लग्न लावून दिलं. जमीन समोर आल्यावर शपथेला कोण विचारतो? पोरींना मठात ठेव म्हणून ठेवायचं आणि गरज पडली की काढायचं, हाच व्यवहार होता.

वाटसरू
तिची पुढची हकीगत तुम्ही सोडून दिलीत. दोन मुली झाल्यावर ते लग्न मोडलं. तेव्हा मेरी पुन्हा मठातच गेली, मोंत्रेच्या, आणि शेवटपर्यंत तिथेच राहिली.